शरद जोशी : सभेला लाखो, मतपेटीत मूठभर. असे का झाले?

मुळाकाठ

सरकारी हस्तक्षेप कमी करावा, बाजार खुला करावा आणि माणसाला त्याच्या श्रमाचे व मालाचे स्वातंत्र्य द्यावे, ही भूमिका महाराष्ट्रात अनेकांनी मांडली. पण बहुतेकांनी ती परिसंवादात मांडली. शरद जोशी यांनी ती बाजार समितीच्या आवारात आणि रस्त्यावर मांडली. ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात जन्मलेला हा माणूस भारतीय टपाल सेवेत अधिकारी होता. पुढे १९६८ ते १९७७ या काळात बर्न येथील जागतिक टपाल संघटनेत त्यांनी काम केले आणि ती नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. १९७८ चे कांदा आंदोलन, १९७९ ची शेतकरी संघटना, नाशिक, निपाणी, चांदवड हे सारे बहुतेकांना ठाऊक आहे.

मला विचारायचे आहे ते त्यांच्या निवडणुकीच्या राजकारणाविषयी. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. १९९५ च्या विधानसभेला ते हिंगणघाटमधून उभे राहिले आणि हरले. संसदेत ते पोहोचले ते २००४ मध्ये, शिवसेना आणि भाजपच्या पाठिंब्याने, राज्यसभेवर. एवढी वर्षे मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रांतून त्यांनी लिहिले, त्यांचे विरोधकही ते लेखन वाचत, सभांना माणसे पायी येत. मग मत का मिळाले नाही? दोष उमेदवाराचा, पक्षाचा, मतदाराचा की मुळात या विचाराला मते मिळूच शकत नाहीत?

आदरांजलीचे प्रतिसाद नकोत. कारणे हवी आहेत.

निफाडकर

आमच्या घरी संघटनेचा लाल बिल्ला अजून आहे. नोव्हेंबर १९८० च्या आंदोलनात वडील होते. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव, एवढ्या दोनच मागण्यांवर नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे थांबल्या. खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. वडील सांगत की रुळांवर बसलेल्या माणसांना गावोगावहून भाकरी येत होत्या, आणि त्या फडक्यांत बांधलेल्या भाकऱ्यांबरोबर कांदा असेच, कारण घरात तेवढेच भरपूर होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या रुळांवर बसलेल्या माणसांना खुली अर्थव्यवस्था हवी होती, असे मला वाटत नाही. त्यांना ३०० रुपये हवे होते. जोशी साहेबांनी त्या ३०० रुपयांमागचे कारण समजावले, आणि लोकांनी ते मन लावून ऐकलेही. परंतु ऐकणे वेगळे आणि त्यासाठी आपला नेहमीचा आमदार सोडणे वेगळे. आमदाराकडे रोहित्राचे काम असते, मुलाच्या नोकरीचे असते, कारखान्याकडून उसाची तोड लवकर मिळवायची असते. सरकारचे हात छोटे करा असे सांगणारा उमेदवार निवडून आला तर ही कामे कोणाकडे न्यायची, हा प्रश्न माझ्या वडिलांसारख्या कट्टर पाईकालाही पडत असे.

वऱ्हाडवाट

निफाडकरांचे निरीक्षण नाशिकपुरते बरोबर असेल. विदर्भात मात्र स्वातंत्र्याचा प्रश्न अगदी प्रत्यक्ष होता. कापूस एकाधिकार खरेदी योजनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आपला कापूस सरकारखेरीज कोणाला विकता येत नसे. केंद्रावर गाड्यांची रांग लागे. प्रतवारी करणारा माणूस मूठभर कापूस उचलून, धागा ओढून, दोन अंगठ्यांमध्ये पाहून प्रत सांगे, आणि त्याच्या त्या एका शब्दावर वर्षाचा हिशेब ठरे. चुकारे हप्त्यांनी मिळत. पलीकडे आंध्र, मध्य प्रदेश किंवा गुजरातमध्ये भाव जास्त असेल तर सीमेवर गाडी अडवली जाई. स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्याच देशात नेणे हा गुन्हा होता.

त्यामुळे विदर्भात संघटनेच्या उमेदवारांना मते मिळाली आहेत, हे मुळाकाठ यांनी नोंदवायला हवे होते. १९९० मध्ये जनता दलाच्या चिन्हावर संघटनेचे कार्यकर्ते विधानसभेत गेले. राजुऱ्याचे वामनराव चटप आणि वरोऱ्याचे मोरेश्वर टेमुर्डे ही त्यांतली ठळक नावे, आणि टेमुर्डे तर पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. १९९५ ला हवा वेगळी होती. काँग्रेसला घालवायचे होते, आणि ते काम युती करू शकते असे लोकांना दिसत होते. नव्या पक्षाला दिलेले मत वाया जाईल या भीतीने स्वतंत्र भारत पक्षाचा घात झाला.

अर्थवेध

वऱ्हाडवाट, मत वाया जाण्याच्या भीतीचा मुद्दा मला पटत नाही. १९९५ च्याच विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. ज्या वर्षी मतदार एवढ्या संख्येने अपक्षांना निवडतो, त्या वर्षी तो मोठ्या पक्षांना बांधलेला होता असे म्हणता येत नाही. फरक असा की त्या अपक्षांपैकी अनेकांच्या मागे कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था किंवा दूध संघ असे काहीतरी उभे होते. जोशींच्या उमेदवारांच्या मागे केवळ विचार आणि आंदोलनात सोसलेला तुरुंगवास होता.

खरी अडचण मला वेगळीच वाटते, आणि ती थोडी विस्ताराने मांडतो.

संघटनेची मूळ मागणी उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची होती. ऐकणाऱ्याला ती सरकारने भाव बांधून द्यावा अशी वाटे. जोशींचे म्हणणे त्याच्या जवळजवळ उलट होते. लेव्ही (सरकारला सक्तीने द्यायचा वाटा), जिल्हाबंदी (माल जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई), उसाची झोनबंदी (ठरलेल्या कारखान्यालाच ऊस देण्याची सक्ती), कापसाची एकाधिकार खरेदी, निर्यातबंदी आणि परदेशातून महाग घेऊन देशात स्वस्त विकलेले धान्य, या सर्व उपायांनी सरकार शेतमालाचे भाव मुद्दाम पाडते, असे ते हिशेबाने दाखवत. भारताने जागतिक व्यापार वाटाघाटींत जे आकडे दिले त्यांतून शेतीला मिळणारे साहाय्य उणे येते, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नसून त्याच्याकडून घेते, हा मुद्दा त्यांनी पुढे असंख्य वेळा लिहिला. सरकारने पाडण्याचे थांबवले तर रास्त भाव बाजारातच मिळेल, असे त्यांचे तर्कशास्त्र होते.

हे तर्कशास्त्र डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या वेळी उघड झाले. डिसेंबर १९९२ मध्ये नंजुंडस्वामींच्या कर्नाटक राज्य रयत संघाचे कार्यकर्ते बंगळुरूत कारगिल या बहुराष्ट्रीय कंपनीच्या कार्यालयात घुसून कागदपत्रे बाहेर फेकत होते, आणि त्याच काळात शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या बाजूने शेतकऱ्यांचे मेळावे घेत होते. देशातल्या शेतकरी नेत्यांमध्ये ते या प्रश्नावर जवळजवळ एकटे होते. माझ्या मते तेथे त्यांच्या मागच्या गर्दीचे दोन भाग झाले. ज्यांना भाव हवा होता ते थबकले, आणि ज्यांना मोकळीक हवी होती ते उरले. दुसरा गट निष्ठावंत होता, पण लहान होता. १९९४ चा पक्ष त्या लहान गटाचा होता.

कोरडवाहू

मी लातूर जिल्ह्यातला सोयाबीन उत्पादक आहे. अर्थवेध यांनी जे मांडले ते माझ्यासारख्या माणसाने मत का दिले नाही याचेच उत्तर आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात माल त्याहून बराच खाली जात होता. त्या वेळी मला बाजाराचे स्वातंत्र्य नको होते, सरकारी खरेदी केंद्र हवे होते, बारदाना हवा होता आणि ओलाव्याची अट शिथिल करून हवी होती. ज्याच्याकडे पाणी आहे, साठवणूक आहे, दोन महिने थांबण्याची ऐपत आहे, त्याला बाजार खुला असतो. ज्याला दुकानदाराची उधारी दिवाळीआधी फेडायची आहे, त्याने काढणीनंतर आठ दिवसांत विकावेच लागते.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचे काय? शेतमालाला भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल, असे संघटना सांगत आली. आमच्या गावातल्या मजुरांनी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. मतदार म्हणून ते शेतकऱ्यांपेक्षा कमी नाहीत.

सुमेधा

कोरडवाहू, मजुरांविषयीचा तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याला जोडून स्त्रियांविषयी लिहिते, कारण शेतीत सर्वांत जास्त बिनमजुरीचे काम त्याच करतात, आणि हे जाहीर सभांतून मांडणाऱ्या मोजक्या शेतकरी नेत्यांत शरद जोशी होते.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन झाले. त्यात स्त्रियांनी स्थानिक निवडणुका स्वतः लढवाव्यात असे ठरले. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या ठिकाणी संपूर्ण ग्रामपंचायत स्त्रियांची निवडून आली. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वेच्छेने बायकोच्या नावे करून द्यायचा होता. आमच्या आईच्या नावावर तेव्हा झालेला जमिनीचा तुकडा आजही तिच्याच नावावर आहे. तलाठ्याने सातबारा हातात दिला तेव्हा तिने तो वाचला नाही, तिला वाचता येत नव्हते. आपले नाव कोणत्या ओळीत आहे ते तिने बोट ठेवून विचारून घेतले, आणि पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांना तीच ओळ दाखवली.

याच माणसाने ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत दिले. बाजूने १८६ आणि विरोधात एक, आणि तो एक म्हणजे शरद जोशी. मी त्या दिवशी फार चिडले होते. त्यांचा आक्षेप मतदारसंघ दर निवडणुकीला आळीपाळीने राखीव करण्याच्या पद्धतीला होता. पुढच्या वेळी हा मतदारसंघ आपल्याकडे राहणार नाही हे ठाऊक असलेली स्त्री किंवा पुरुष तेथे मन लावून काम का करील, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खरा आहे. तरीही मला वाटते की चांदवडच्या मैदानात बसलेल्या बायकांना त्यांनी त्या मताचे कारण आधी सांगायला हवे होते. एकट्याने विरोधात उभे राहण्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही. उमेदवाराला मात्र आपल्यामागे माणसे उभी करावी लागतात.

पत्रपेटी

सुमेधा यांच्या शेवटच्या वाक्यावरून स्तंभलेखक जोशींकडे वळतो, कारण धाग्यात त्यांचा उल्लेख झाला आणि चर्चा झाली नाही.

त्यांच्या लेखनाची सुरुवात चाकणला 'वारकरी' या साप्ताहिकापासून झाली. नंतर 'शेतकरी संघटक' आले. त्यात ते कार्यकर्त्यांसाठी लिहीत. भाषा सोपी, उदाहरणे शेतातली, आणि प्रत्येक लेखात एक हिशेब असे. हे अंक गावात एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. इंग्रजी वृत्तपत्रांतले त्यांचे लेखन वेगळ्या वाचकासाठी होते. ज्या शहरी वर्गाला ते इंडिया म्हणत, त्या इंडियाला भारताचे, म्हणजे खेड्यांचे, म्हणणे तेथे सांगितले जाई. अखेरच्या काळात, २०१३ मध्ये, 'लोकसत्ता'त त्यांचे 'राखेखालचे निखारे' हे सदर होते, आणि त्यात प्रकृती साथ देत नसतानाही युक्तिवाद तसाच धारदार होता.

पण यातच अडचण होती, असे माझे मत आहे. सूट-सबसिडी नको, कमाल जमीनधारणा कायदा रद्द करा, घटनेच्या नवव्या परिशिष्टामुळे शेतकऱ्याला न्यायालयात दाद मागता येत नाही म्हणून ते हटवा, ही मते स्तंभात वाचली की वाचक विचारात पडतो. तीच मते उमेदवाराने प्रचारसभेत मांडली की प्रतिस्पर्ध्याला पुढच्या दहा सभांचे भाषण मिळते. जोशींनी दोन्हीकडे एकच मजकूर वापरला. माझ्या दृष्टीने हा त्यांचा मोठा गुण आहे, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

राज्यसभेतही ते स्तंभलेखकासारखेच वागले. प्रत्येक राजकीय पक्षाने नोंदणीच्या वेळी समाजवादाशी निष्ठा जाहीर केली पाहिजे, ही अट १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ मध्ये आहे. ती अट काढण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणले. ते मंजूर होण्याची शक्यता नव्हती. तरी ते सभागृहाच्या कामकाजात नोंदले गेले पाहिजे, असे त्यांना वाटले असावे.

मुळाकाठ

पत्रपेटी, कलम २९-अ चा उल्लेख केल्याबद्दल आभार. समाजवाद नाकारणाऱ्या पक्षाने नोंदणीसाठी समाजवादाचीच शपथ घ्यायची, ही अट मला आजही लोकशाहीच्या मूळ कल्पनेशी विसंगत वाटते. याच मुद्द्यावर मुंबईतून जुन्या स्वतंत्र पक्षाच्या मंडळींनी १९९६ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली होती.

जुन्या स्वतंत्र पक्षाचे उदाहरणही तपासायला हवे. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या त्या पक्षाने १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळवल्या होत्या. म्हणजे या विचाराला भारतात मते मिळूच शकत नाहीत, असे नाही.

अर्थवेध

त्या ४४ जागांमागे गुजरात, राजस्थान आणि ओडिशातली संस्थानिक घराणी आणि मोठे जमीनदार होते. विचार राजाजींचा असला तरी मते बऱ्याच ठिकाणी राजवाड्याची होती. १९७१ मध्ये तो पक्ष कोसळला आणि १९७४ मध्ये चरणसिंहांच्या भारतीय लोक दलात विसर्जित झाला. जोशींकडे राजवाडे नव्हते, ही मी त्यांच्या बाजूची गोष्ट मानतो.

दूरदेशी

मी काही वर्षांपासून अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्समध्ये राहतो, म्हणून येथले एक उदाहरण देतो. हावियेर मिलेई हे अर्थशास्त्रज्ञ आधी दूरचित्रवाणीवरच्या चर्चांमुळे घराघरांत पोहोचले. मध्यवर्ती बँक बंद करा, खर्च कापा, राजकारण्यांची जमात हटवा, असे ते ओरडून सांगत. २०२१ मध्ये ते खासदार झाले आणि आपला पगार दर महिन्याला सोडत काढून नागरिकांना वाटू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ५५ टक्क्यांहून अधिक मते घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले. विचार जोशींच्या विचाराशी बराच जुळतो, निकाल मात्र उलट लागला.

कारण माझ्या मते महागाई आहे. २०२३ मध्ये येथे वार्षिक महागाई २११ टक्के झाली. दुकानात वस्तूंवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या सतत बदलत होत्या, आणि हिशेब करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला सरकारने छापलेल्या पैशाचा अर्थ कळत होता. सरकार आपल्या खिशातून काढून घेते, हे येथे शहरातल्या, खेड्यातल्या, नोकरदार आणि बेकार अशा सर्वांना एकाच वेळी जाणवले. शिवाय मिलेईंनी लोकांच्या रागाला वाचा दिली. जोशींनी लोकांना समजावून सांगितले. दूरचित्रवाणीवर राग अधिक चालतो.

मिलेईंच्या कारभाराचे मूल्यमापन येथे करत नाही. महागाई उतरली हे खरे, आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीत दारिद्र्य जवळपास ५३ टक्क्यांपर्यंत चढून मग उतरले हेही खरे. त्या महिन्यांत आमच्या गल्लीतल्या निवृत्तांनी औषधे अर्धी केली होती.

निफाडकर

दूरदेशी, तुमच्या उदाहरणात माझे उत्तर मिळाले. महागाईने सर्वांना एकत्र आणले. आमच्याकडे कांदा लोकांना विभागतो. कांद्याचा भाव पडला की निफाड, लासलगाव आणि चांदवड रडतात. भाव चढला की मुंबई आणि दिल्ली ओरडतात, आणि दिल्ली ओरडली की निर्यात बंद होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी आली. निर्यातीचे स्वातंत्र्य मागणाऱ्या उमेदवाराला शहरातला मतदार आपला विरोधक समजतो. केवळ उत्पादकांच्या बळावर बहुमत कसे होणार?

सांगाती

धागा काळजीपूर्वक वाचला. मी १९८२ च्या सटाणा अधिवेशनापासून संघटनेत होतो, त्यामुळे थोडे आतून लिहितो.

पहिली गोष्ट. आपण मते मागायला येणार नाही, अशी ग्वाही साहेबांनी सुरुवातीच्या काळात जाहीर सभांतून दिली होती, आणि ती आमच्या बळाचा पाया होती. गावातले काँग्रेसचे, शेकापचे, जनसंघाचे लोक एकाच बैलगाडीत बसून मोर्चाला येत, कारण आपले घरचे राजकारण त्यामुळे मोडत नाही याची त्यांना खात्री होती. निवडणुकीत उतरल्याबरोबर ती खात्री गेली. ज्याच्याबरोबर लाठ्या खाल्ल्या त्याच्या विरोधात बूथवर बसण्याची वेळ आली.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबती. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात १९९० मध्ये साहेब कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले, मंत्रिपदाचा दर्जा मिळाला. त्याआधी २ ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीच्या बोट क्लबवर उत्तर प्रदेशचे शेतकरी नेते टिकैत यांच्या लोकांशी जो गोंधळ झाला तो मी पाहिला आहे. देशातल्या शेतकऱ्यांची एक आघाडी होण्याची शक्यता त्या व्यासपीठावर संपली. पुढे जनता दल, मग स्वतःचा पक्ष, मग ज्या पक्षांवर सांप्रदायिकतेसाठी आम्ही टीका केली होती त्यांच्याच पाठिंब्याने राज्यसभा. प्रत्येक पावलाला साहेबांकडे सुसंगत कारण होते. ते कारण आम्हा शिबिरांत बसणाऱ्यांना पटे. पण गावच्या पारावर दर पाच वर्षांनी नवे कारण नेऊन सांगणे फार कठीण होते.

तिसरी गोष्ट राजू शेट्टी यांची. ते २००४ मध्ये बाहेर पडले, त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेत गेले. त्यांनी उसाचा दर धरला, कारखानदार हा समोरचा माणूस दाखवला आणि दर हंगामाला काहीतरी पदरात पाडून दिले. सभा साहेबांच्याच परंपरेची, आंदोलनाची रीतही तीच, मते मात्र शेट्टींना. निफाडकर म्हणाले तेच खरे आहे. भावाला मत मिळते.

वऱ्हाडवाट

सांगाती, भावालाच मत मिळते तर २००४ मध्ये राजुऱ्यातून वामनराव चटप स्वतंत्र भारत पक्षाच्या चिन्हावर कसे निवडून आले? तेव्हा शेट्टी बाहेर पडले होते, संघटना थकली होती, आणि पक्षाला पैशाचे बळ नव्हते.

माझे गाव त्या मतदारसंघाला लागून आहे. चटप वकील आहेत, माणसांना नावाने ओळखतात, आणि एखाद्याचे वीज मंडळाचे काम अडले तर अर्ज स्वतः लिहून देतात. मतदाराला बहुधा एवढेच पाहायचे असते की हा माणूस आपल्या कामाला येईल आणि विकला जाणार नाही. पक्षाचा विचार त्याला त्यानंतर चालतो, पुष्कळदा अभिमानाचाही वाटतो. निफाडकरांनी पहिल्याच प्रतिसादात आमदाराच्या कामांची जी यादी दिली, तिचे उत्तर राजुऱ्यात सापडते. शरद जोशी हिंगणघाटला उभे राहिले तेव्हा ते राज्याचे, देशाचे नेते होते. तेथल्या बूथवर त्यांना वर्षानुवर्षे भेटलेली माणसे नव्हती. त्यांनी आंबेठाण, चाकण, खेड हा आपला पट्टा धरून तीन निवडणुका लढवल्या असत्या तर? जानेवारी १९८० मध्ये खेड तालुक्यातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंतच्या रस्त्यासाठी पदयात्रा काढून त्यांनी अगदी आमदाराने करावे असेच काम केले होते.

चटप २००९ ला हरले, २०१९ ला अल्प मतांनी हरले, हेही सांगतो. म्हणजे ही वाट सोपी नाही.

सुमेधा

वऱ्हाडवाट, ही तुलना मला सर्वांत पटली. विटनेरच्या बायकाही याच कारणाने निवडून आल्या होत्या. त्या गावातल्या होत्या.

पत्रपेटी

एक भर. २०२० च्या कृषी कायद्यांच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने जी समिती नेमली तिच्यात संघटनेचे अनिल घनवट होते. कायदे सुधारणांसह ठेवावेत अशी त्यांची भूमिका होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेण्याची घोषणा झाली. बाजार समितीबाहेर विक्रीची मोकळीक ही जोशींची जुनी मागणी, आणि देशातले सर्वांत मोठे शेतकरी आंदोलन तिच्या विरोधात उभे राहिले. मुळाकाठ यांच्या प्रश्नाचा हा अध्याय जोशींच्या मृत्यूनंतर घडला आहे, तरी तो याच धाग्यात यायला हवा.

मुळाकाठ

तो अध्याय आलाच पाहिजे. पंजाबच्या शेतकऱ्याला खात्रीची सरकारी खरेदी होती, ती जाईल अशी भीती त्याला वाटली. महाराष्ट्रातल्या कांदेवाल्याला ती कधी नव्हतीच, त्यामुळे येथे तेवढा विरोध झाला नाही. एकाच कायद्याने दोन प्रांतांत दोन वेगळे अर्थ घेतले.

आता कोरडवाहू यांना थेट विचारतो. आज तुमच्या मतदारसंघात जोशींच्या विचाराचा, गावातलाच, कामाचा माणूस उभा राहिला तर तुम्ही त्याला मत द्याल का?

कोरडवाहू

प्रश्न नीट विचारला आहे, म्हणून नीट उत्तर देतो. मी त्याला आधी खाद्यतेलाच्या आयातीविषयी विचारीन. अर्जेंटिनातून येणाऱ्या सोयाबीन तेलामुळे आमच्या मालाचा भाव दबतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरचे आयातशुल्क वाढवले, आणि मे २०२५ मध्ये पुन्हा कमी केले. खुल्या बाजाराचा उमेदवार तर शुल्क शून्य करा म्हणेल. मग मी त्याला मत का द्यावे?

दूरदेशी

एक माहिती उपयोगी पडेल. येथल्या सोयाबीन उत्पादकालाही त्याचे सरकार बराच काळ ३३ टक्के निर्यातकर लावत होते. तो २०२५ मध्ये २६ टक्क्यांवर आणला गेला. या कराविरुद्ध येथले शेतकरी जे बोलतात ते ऐकताना शरद जोशींचे लेख आठवतात.

अर्थवेध

कोरडवाहू, तो उमेदवार प्रामाणिक असेल तर आयात खुली राहू द्या असेच म्हणेल, तुमचे मत जाईल हे ठाऊक असूनही. पण तो तेवढ्यावर थांबणार नाही. डिसेंबर २०२१ पासून बंद असलेले सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच ठरणारे सौदे) सुरू करा, म्हणजे पेरणीच्या वेळी काढणीचा भाव दिसेल. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याला जे बियाणे मिळते ते तुम्हालाही मिळू द्या; २००१ मध्ये गुजरातेतला बीटी कापूस उपटून टाकण्याची भाषा झाली तेव्हा जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले होते, ते याच कारणासाठी. साठा मर्यादा अचानक लावू नका. गोदामातल्या मालाच्या पावतीवर कर्ज द्या, म्हणजे आठ दिवसांत विकण्याची सक्ती राहणार नाही. शुल्क वाढवून मिळणारा भाव सरकार एका अधिसूचनेने काढून घेते, आणि हे तुम्ही वर स्वतःच लिहिले आहे.

कोरडवाहू

वायदे आणि पावतीवरचे कर्ज या दोन गोष्टी मला पटतात, कारण आठ दिवसांची सक्ती हाच माझा मुख्य प्रश्न आहे. आमच्या भागात गोदाम आहे, पण लहान शेतकऱ्याच्या वीस पोत्यांसाठी तेथे कोणी पावती करत नाही. व्यापाऱ्याचा माल आधी घेतला जातो. तुमच्या उमेदवाराने वीस पोत्यांची पावती करून दाखवावी. आयातीवर मी त्याच्याशी भांडत राहीन, आणि तरीही मत देईन.

वऱ्हाडवाट

वायदे बंद असल्याचा आणि शुल्कबदलांचा तारीखवार तक्ता माझ्याकडे आहे. उद्या संध्याकाळपर्यंत येथे टाकतो.